डब्यात काय आणि मुलांच्या मनात काय? सोलापूरकरांनो, लिहा

जून उजाडला की पालकांच्या गप्पांत डबा येतोच. "आमचा काही खातच नाही" आणि "आमची नुसतं बाहेरचं मागते" ही दोन वाक्यं शाळेच्या फाटकापाशी रोज कानावर पडतात. या धाग्यात मला त्याच्या पुढचं हवंय. मुलं काय खातात ते सांगाच, पण खाण्याबद्दल ती काय विचार करतात, कशाला चांगलं म्हणतात, कशाची त्यांना लाज वाटते, डबा परत का येतो, हे त्यांच्याच शब्दांत लिहा. आई-बाबा, आजी-आजोबा, शिक्षक, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, रिक्षावाले काका आणि खुद्द विद्यार्थी, सगळ्यांचं स्वागत आहे. मुलांची आणि शाळांची नावं मात्र नकोत.

पहिला अनुभव माझाच लिहिते.

चौथीची शिक्षिका, सोलापूर शहर

आहाराचा धडा झाला की मी मुलांना कागदावर दोन ताटं काढायला लावते. एकात तब्येतीला चांगलं ते, दुसऱ्यात तुला आवडतं ते. पहिल्या ताटात जवळजवळ प्रत्येकाने सफरचंद काढलं. लालभडक, देठाला एक हिरवं पान. शेजारी दुधाचा पेला, गाजर, आणि काहींनी चक्क ब्रोकोली. या वर्गातल्या बऱ्याच घरांत सफरचंद येतं ते कुणी आजारी पडल्यावर. ब्रोकोली तर कुणी खाल्लेलीच नव्हती, तक्त्यावर पाहिली होती. भाकरी एकाही ताटात नव्हती. शेंगा, पेरू, बोरं, हरभऱ्याचा डहाळा, अंबाडी, काहीच नाही. आणि त्याच दिवशी निम्म्या दप्तरांत शेंगाचटणी होती, वर्गभर वास सुटला होता.

मी विचारलं, भाकरी कुठे गेली? एक जण म्हणाला, "बाई, ती तर नुसती भाकरी हाय." त्याच्या मागची मुलगी म्हणाली, "ती घरात खायची असते, चित्रात नसते."

मग फळ्यावर आकडे लिहिले. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 10 ग्रॅम प्रथिनं, आणि जवळपास तेवढाच चोथा. शेंगदाण्याच्या वजनाचा तर जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिनंच. लगेच प्रश्न आला, "आणि सफरचंदात?" अर्धा ग्रॅमसुद्धा नाही म्हटल्यावर वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला. सफरचंद वाईट नाही, त्याचं काम वेगळं, हे समजावायला मला तास पुरला नाही. पण एवढं कळलं की तक्त्यावर जे नाही ते चांगलं नसणार, असा मुलांचा सरळ हिशोब आहे. तो तक्ता छापणाऱ्याने कधी सोलापूरचा डबा उघडून पाहिला नसावा. आता आमच्या वर्गात मुलांनी स्वतः काढलेला तक्ता आहे, आणि त्यात गरगट्टा, भाकरी, दही आणि भाजलेल्या शेंगा आहेत.

दोन मुलींची आई, जुळे सोलापूर

भाकरीवरून आमच्याकडे वेगळंच निघालं. धाकटी भाकरी न्यायला तयार नव्हती. घरी मिटक्या मारत खायची, डब्यात नको. खोदून विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांच्या पोळीची गुंडाळी होते, माझ्या भाकरीचे तुकडे पडतात." तिचं खरंच होतं. सकाळी सातला भरलेली भाकरी साडेदहापर्यंत वाळते, मोडते, आणि मोडलेलं अन्न चारचौघींत काढायचं तिला नको असतं.

मग मी कडक भाकरी द्यायला लागले. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही उजेडासमोर धरली तर आरपार दिसावं इतकी पातळ थापतात आणि पार कोरडी होईपर्यंत भाजतात. आठवडाच्या आठवडा टिकते. डब्यात मी ती आख्खी ठेवत नाही, मोठे तुकडे करते. छोट्या डबीत घट्ट दही, दुसऱ्या डबीत तेलात कालवलेली शेंगाचटणी. धाकटी वर्गात बसून तुकड्यावर दही लावते, वर चटणी ठेवते आणि एकेकीला देते. खाण्याआधी स्वतः काहीतरी करायला मिळतं, याचं तिला फार अप्रूप. शिवाय तिचं म्हणणं, "आई, खाताना आवाज येतो ना, म्हणून सगळ्यांना हवी असते." पुड्यांतल्या वेफर्समध्ये मुलांना काय आवडतं याचं उत्तर मला त्या वाक्यात मिळालं. तीच ज्वारी, पण मोडली म्हणून लाज वाटत होती, आता मोडायची म्हणूनच मजा येते.

तिच्या मैत्रिणीच्या डब्यात एक जाड, मध्ये भोकं असलेली खरपूस भाकरी येते. तेलुगू घरातला पदार्थ, नाव सर्वपिंडी. धाकटी सारखी मागते आहे. कुणाला येत असेल तर कृती द्या हो.

शाळेची रिक्षा चालवणारे काका, विजापूर रोड

पोरं घरी सांगतात ते वेगळं आणि रिक्षात आपापसात बोलतात ते वेगळं. मी गाडी चालवत सगळं ऐकत असतो. डबा तसाच परत आला की आईला वाटतं भाजी आवडली नसंल. तसं कमीच असतंय बगा. पहिली-दुसरीतल्या लेकरांना डबाच उघडत नाही. ते चारी बाजूंनी खटके असलेले डबे लई घट्ट असतात. बाईंना सांगायला लाज वाटते, शेजारच्याला सांगितलं तर तो हसतो. एक बारकं पोरगं रोज रडवेलं होऊन रिक्षात बसायचं. एक दिवस डबा मागून घेतला, उघडून दिला, तर सात रस्त्यापासून घर येईपर्यंत सगळं फस्त. पोळी वाळून कडक झाली होती, तरी. त्याच्या आईला तिथंच सांगितलं, डबा बदला.

मोठ्या पोरांचं कारण दुसरं. सुट्टी बारकी, त्यात हात धुवायला रांग. बसून खायचं का मैदानात पळायचं? पळायचंच की. मागं एक सहावीतला पोरगा दुसऱ्याला सांगत होता, "मम्मीला सांगितलंय, चावायला कमी लागंल असं दे." म्हणून मग बिस्किट, केक, पाव असलं आवडतं त्यांना. दोन घासात संपतंय. सुट्टी दहा मिनिटं वाढवली तर निम्मे डबे रिकामे येतील, हे मी लिहून देतो. आणि पालकांनो, नवीन डबा आणला की आधी पोराच्या हातात द्या आणि बगत बसा, उघडतोय का.

आजी, साखर पेठ

नातवाचं म्हणणं थोडक्यात: जे खाल्ल्यावर हाताला तेल लागत नाही ते चांगलं. तेलकट बोट वहीला लागलं की बाई रागावतात. म्हणून तो धपाटे नेत नाही, पोळीचा लाडू नेतो.

दहावीची विद्यार्थिनी

मी स्वतःबद्दल लिहिते. आमच्या वर्गात बऱ्याच मुली अर्धा डबा परत नेतात आणि घरच्यांना वाटतं डाएट चाललंय. खरं कारण पाणी आहे. शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नाही, म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. सकाळी घरून निघाल्यापासून परत घरी जाईपर्यंत दोन-चार घोट, तेही नाइलाजाने. कोरड्या घशाने पोळी-भाजी उतरत नाही. काकडी, द्राक्षं, दहीभात असं ओलसर काही असलं तर तेवढंच खाल्लं जातं. सोलापूरचा मार्च-एप्रिल ज्यांना माहीत आहे त्यांना त्या महिन्यांत आमचं काय होत असेल ते कळेल. डोकं दुखतं, शेवटच्या दोन तासांत फळ्यावरचं काही दिसत नाही.

आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, मॅडम समोर उभ्या राहून घ्यायला लावतात. जेवल्यानंतर घ्या म्हणतात, पण जेवण झालेलंच नसतं, मग मळमळतं, आणि मग पुढच्या आठवड्यात मुली गोळी खिशात टाकतात. आहारावर व्याख्यान झालं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, काही शंका? मुलगे शेजारी बसलेले असताना स्वच्छतागृहाचं कसं विचारायचं? म्हणून इथे लिहिलं. आम्हाला पालेभाजीत काय असतं ते पाठ आहे. आम्हाला कडी असलेलं दार आणि नळाला पाणी पाहिजे.

(धागाकर्ती: पालक सभेत भाजीवर तासभर बोलणं होतं आणि याबद्दल एक शब्द निघत नाही. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हे जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. बाकीच्या पालकांनीही आपापल्या शाळेत जाऊन ते दार उघडून बघावं.)

पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, दक्षिण सोलापूर तालुका

(त्यांनी फोनवर सांगितलं, मी उतरवून घेतलं.)

आमच्या गावात निम्मी घरं कानडी बोलणारी, पोरं मला अक्का म्हणतात. पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला दीडशे. पूर्वी रोज पिवळी खिचडी असायची, आता पदार्थ बदलून लावलेत. मटार पुलाव, चवळीची खिचडी, सोयाबीनचा पुलाव, मूग-शेवग्याचं वरण आणि भात.

लोकांना वाटतं खेड्यातली पोरं, पुढ्यात येईल ते खातील. तसं नाही. पोरांची पारख लई बारीक असते. फोडणी करपली तर दारातनंच कळतं त्यांना. सोयाबीनच्या वड्या मोठ्या राहिल्या की ताटाच्या कडेला लावतात, "अक्का, रबर हाय" म्हणतात. त्याच वड्या भिजवून, पिळून, हातानं कुस्करून टाकल्या तर एक कण उरत नाही. शेवग्याच्या शेंगेचं उलटं. ती बारीक करून चालत नाही, बोटात धरून चोखता आली पायजे. टोमॅटोची साल, कढीपत्ता आणि मिरची ताटात राहणारच, ते मी धरूनच चालते.

वाढायच्या आधी गुरुजी चव बघून वहीत लिहितात. मी म्हटलं, खाणार पोरं, मग पोरांना चाखू द्या की. आता रोज दोन पोरं पाळीनं येतात. पातेल्यापाशी उभं राहून, फुंकर मारून, डोळे मिटून चाखतात. "मीठ कमी हाय." "आज लई झ्याक." ज्याची पाळी असती ते त्या दिवशी ताट पुसून खातंय आणि शेजारच्याला सांगतंय, मी चाखलंय, चांगलं हाय, खा. माझ्या शंभरदा सांगण्यानं झालं नसतं ते एका पोराच्या सांगण्यानं होतं.

अंड्याचं पण लिहा. 2023 च्या दिवाळीच्या सुमारास आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळ. त्या दिवशी वर्ग गच्च भरायचे. 2025 च्या सुरुवातीला त्याचे पैसे थांबले, करायचं तर लोकवर्गणीतनं करा म्हणाले. गावात कोण किती दिवस वर्गणी देणार? पोरं अजून विचारतात, अक्का, अंडं कधी? आई-बाप ऊसतोडीला गेले की म्हातारीपाशी राहणारी लेकरं हायेत आमच्यात. त्यांचं दिवसातलं पोटभर जेवण हेच.

(धागाकर्ती: ताईंच्या पातेल्यामागे काय हिशोब आहे ते पालकांनी जाणून घ्यावं. पाचवीपर्यंतच्या मुलाला या एका जेवणातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, सहावी ते आठवीला 700 आणि 20, असं ठरलेलं आहे. 1995 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मुलं घरी तांदूळ नेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शाळेत शिजवलेलं गरम जेवण मिळू लागलं. "खिचडीची शाळा" असं हिणवून बोलणाऱ्यांच्या मुलांच्या डब्यात तरी 12 ग्रॅम प्रथिनं असतात का, हे त्यांनी एकदा मोजावं.)

पाचवीतल्या मुलाचे बाबा, होटगी रोड

2025 मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. कोणत्या पेयात किती साखर, दिवसाला किती चालेल, वगैरे. आमच्या चिरंजीवांनी तो फलक फार मनावर घेतला. एका रविवारी दुकानातून थंड पेयाची बाटली आणली आणि आधी मागची बारीक अक्षरं वाचली. 100 मिलीला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर. 250 मिलीचं त्रैराशिक मांडलं, चमच्याला चार ग्रॅम धरले, आणि स्वयंपाकघरातून साखरेचा डबा आणून वाटीत चमचे मोजायला लागला. साडेसहा. वाटी टेबलावर ठेवून सगळ्यांना बोलावलं. त्याचे आजोबा बराच वेळ त्या वाटीकडे बघत होते.

त्याने थंड पेय सोडलं असं नाही. वाढदिवसाला अर्धा पेला घेतला आणि म्हणाला, "तीन चमचे, चालतंय." मला ते फार आवडलं. त्याला कुणी भीती घातली नाही. मोजायचं कसं ते दाखवलं, आणि मोजून झाल्यावर त्याचं त्याने ठरवलं.

तेरा वर्षांच्या मुलीची आई

वरचा अनुभव वाचून आनंद झाला, पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी, कारण ती आमच्या घरात घडते आहे. शाळेत आरोग्य तपासणी झाली. उंची-वजन सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचून लिहून घेतलं. माझ्या मुलीचा आकडा ऐकून मागून कुणीतरी काहीतरी बोललं. काय बोललं ते तिने अजून सांगितलेलं नाही. त्यानंतर आधी भात सुटला, मग पोळी अर्धी झाली, संक्रांतीला शेंगपोळीला हात लावला नाही. विचारलं की उत्तर तयार, "हेल्दी खातेय." बाहेरचे लोक कौतुक करायचे, किती शहाणी मुलगी, गोड खात नाही. पाळी लांबली आणि केस गळायला लागले तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. उपचार चालू आहेत, समुपदेशनही. आता बरी आहे, पण सावकाश.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरात काही गोष्टी बदलल्या. ताटातल्या कशालाही चांगलं-वाईट म्हणायचं नाही. कुणाच्या अंगावरून बोलायचं नाही, पाहुण्यांनीही नाही. जेवताना वजनाचा विषय बंद. शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, मुलांचं वजन एकेकट्याला बाजूला घेऊन करा आणि आकडा पालकांना कळवा. वर्गाला तो कळायची काही गरज नाही.

टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलाची आई, अक्कलकोट रोड

मुलगा नऊ वर्षांचा आहे. खाण्याचा त्याच्याइतका विचार घरातलं कुणीच करत नाही. सकाळी पीठ काट्यावर तोच मोजतो. ज्वारीच्या 30 ग्रॅम पिठात साधारण 20 ग्रॅम कर्बोदकं, हे त्याला पाठ आहे. त्या हिशोबाने इन्सुलिन. डब्यात किती आहे हे त्याला माहीत असतं, म्हणून अदलाबदल करता येत नाही, आणि त्याला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं. "मला कुणाचं चाखता येत नाही असं नाही, पण आधी मोजायला लागतं, तोवर त्यांचा डबा संपतो."

वर्गात मुलं म्हणायची, तू गोड खूप खाल्लंस म्हणून तुला झालं. मोठी माणसंही म्हणतात. शेवटी बाईंनी त्यालाच पुढे उभं केलं. त्याने सांगितलं, "माझ्या शरीरात इन्सुलिन बनत नाही. ते बनवणाऱ्या पेशी माझ्याच शरीराने मारून टाकल्या. गोडाचा संबंध नाही." त्यानंतर प्रश्नांचा भडिमार झाला, सुई दुखते का, आंबा चालतो का. चालतो, मोजून.

शाळांसाठी एवढं लिहिते. अशा मुलाची साखर खाली गेली की ताबडतोब तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. "मधल्या सुट्टीपर्यंत थांब" म्हणायचं नाही. चॉकलेट तेव्हा उपयोगाचं नसतं, त्यातल्या तुपट पदार्थांमुळे साखर सावकाश चढते. वाढदिवसाची चॉकलेटं तो साठवतो आणि रात्रीच्या जेवणाबरोबर, डोस धरून, एक खातो. कोणतं खायचं हे ठरवायला त्याला अर्धा तास लागतो.

सातवीतल्या मुलाची अम्मी, नई जिंदगी

माझ्या मुलाला उकडलेलं अंडं मनापासून आवडतं. डब्यात नेलं की शेजारची दोन मुलं नाक धरायची. तो डबा बाकाखाली धरून खायला लागला. नंतर शाळेतून निरोप आला, अंडं पाठवू नका. नाही पाठवत, घरी आला की देते. पण त्याचा प्रश्न राहिलाच आहे: "अम्मी, विज्ञानाच्या पुस्तकात प्रोटीनच्या चित्रात अंडं आहे. मग वर्गात का नाही?" कुणाकडे उत्तर असेल तर त्याला वाचून दाखवीन.

वरच्या ताईंना, बाळीवेस

आमचं घर पूर्ण शाकाहारी, माळकरी. पोराला पहिलीत पाठवतानाच सांगितलं होतं, दुसऱ्याच्या ताटाला नाव ठेवायचं नाही, अन्नाचा अपमान होतो. नको असेल तर दोन हात लांब बसायचं. तुमच्या मुलाने डबा बाकावर ठेवून खावा, असं माझं मत आहे.

शेतकरी, मंगळवेढा तालुका

शहरातल्या भाकरीचं वाचलं. आमच्याकडची मालदांडी ज्वारी काळ्या रानात, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर येते. 2016 ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगल्या ज्वारीचा भाव आता गव्हाच्या वर असतो. असं असून मुलगी एक दिवस म्हणाली, "पप्पा, पाव्हणे आले की आपण पोळ्या करतो आणि कुणी नसलं की भाकरी. म्हणजे पोळी भारी ना?" तिचं काही चुकलं नव्हतं. मुलं तोंडाचं ऐकत नाहीत, ताट बघतात. तेव्हापासून आमच्यात पाव्हणा कुणीही असो, पहिली भाकरी वाढायची, वर लोण्याचा गोळा. पोळी मागाहून. आता तीच डब्यात भाकरी नेते आणि मैत्रिणींना सांगते, आमच्या रानातली हाय.

हुरड्याच्या दिवसांत तर पोरांना काही सांगावंच लागत नाही. आगटीतनं काढलेलं कणीस हातावर चोळायचं, फुंकायचं, की तोंडात. हात काळे, तोंडं काळी. तेव्हा कुणी विचारत नाही हे पौष्टिक आहे का.

शाळेजवळ पेरू-काकडीची गाडी लावणाऱ्या आईची मुलगी

आई लिहीत नाही, मी लिहिते. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत फार तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ विकायचे नाहीत असा नियम 2020 मध्ये झाला. त्यामुळे पुड्या विकणारे कोपऱ्यापलीकडे गेले, आईची गाडी तिथंच आहे. मुलांकडे दहा रुपये असतात. दहा रुपयांत वेफर्सची एक पुडी येते, निम्मी हवेनं भरलेली, किंवा तिखट-मीठ लावलेला एक पेरू. आई म्हणते, घरी पेरू कापून दिला तर ज्यांना नको असतो तीच मुलं इथे हट्टाने घेतात. कारण इथे ती सांगतात, "मावशी, हा नको, तो. चार फाका करा. तिखट कमी." कुणी त्यांचं इतकं ऐकून घेत नाही दिवसभरात. आईने फक्त तिखट-मीठ हळूहळू कमी करत आणलंय आणि लिंबू वाढवलंय. आजवर एकाही मुलाने तक्रार केलेली नाही.

अम्मम्मा, भवानी पेठ

(नातीने टाइप केलं.)

जुळे सोलापूरच्या ताईंनी सर्वपिंडी विचारली म्हणून सांगते. आमच्या घरी यांची पाळी यंत्रमागावर, मी दिवसभर विड्या वळायची. सकाळी केलेलं संध्याकाळपर्यंत चांगलं राहील आणि पोरं भांडणार नाहीत असा पदार्थ हाच. माझी मुलं हीच नेत होती, आता नात नेते.

दोन वाट्या तांदळाचं पीठ. अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ तासभर भिजवलेली. अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे, जाडसर कुटून. तीळ दोन चमचे, सढळ हाताने. बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, कढीपत्ता, लसूण-मिरचीचा ठेचा, मीठ. मुलांसाठी मिरची कमी करा, तीळ वाढवा. थोडं थोडं पाणी घालत घट्ट मळा. जाड बुडाच्या पातेल्याला आतून तेल लावायचं, गोळा आतच हाताने थापायचा, बोटाने चार-पाच भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात थेंबभर तेल सोडायचं. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. उलटायची नाही, एकाच बाजूने खरपूस होते. भोकाच्या कडेचा भाग सगळ्यात कुरकुरीत, त्यावरून भांडणं होतात, म्हणून जितकी मुलं तितकी भोकं पाडते मी. दुसरी थापण्याआधी पातेलं पालथं धरून बुडावर पाणी ओता, गार होऊ द्या, नाहीतर हात भाजतो. आणि गरम असताना डब्यात भरून झाकण लावू नका, वाफ धरते आणि नरम पडते. ताटात पाच मिनिटं ठेवून मग भरा.